आठवी डबी

पाळणाघरात काम करणाऱ्या बाईला बाळाचं तोंड बघावं लागत नाही. डायपर उघडलं की कळतं कुणाचं ते. कुणाला काल पहिल्यांदा गाजर मिळालंय, कोण अजून अंगावरच पितंय, कोण आजीकडे राहून आलंय आणि तिथं त्याला कुणीतरी गुपचूप बिस्किट चारलंय, सगळं त्या टेबलावर उलगडतं. सकाळी दारात आयांनी सांगितलेलं एक आणि दहा वाजता टेबलावर दिसणारं दुसरं. "आयांचं ऐकून घ्यायचं, पण विश्वास खालच्या टोकावर ठेवायचा," असं मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाई पाळणाघराच्या मालकीण. तीस वर्षं खालचं टोक बघून त्यांचं माणसांबद्दलचं मत जे काय व्हायचं ते होऊन गेलं होतं.

टिल्लीच्या आईला हे काम लागून सात महिने झाले होते. टिल्ली चार महिन्यांची होती तेव्हा मोठ्या बाईंनी तिला ठेवून घेतलं. सात बाळं लोकांची, आठवी तुझी, असा सरळ हिशेब. बी.एस्सी. झालेली मुलगी ढुंगणं पुसायला आली म्हणून थोरल्या जावेनं फोनवर हसून घेतलं होतं. पण टिल्लीच्या आईला काम मनापासून आवडत होतं. ती मुळात नोंदी ठेवणारी. कोण किती वाजता झोपलं, कुणी किती प्यायलं, कुणाच्या मानेवर पुरळ आलं, सगळं फळ्यावर. मोरीच्या वरच्या भिंतीवर तिनंच ठसठशीत अक्षरात पाटी लावली होती: *एकाचं औषध दुसऱ्याला नाही. उरलेलं औषध त्याच दिवशी ओतून टाकणे.* थोरल्या जावेलाही तिनं एकदा याच विषयावर वीस मिनिटं ऐकवलं होतं. पोराला शिंक आली की मागच्या वेळची बाटली काढू नका वहिनी, त्यानं पोटातले चांगले जंतूही मरतात आणि जे उरतात ते निर्ढावतात. जाऊ म्हणाली होती, बरं डॉक्टरीणबाई.

चांगल्या जंतूंचं तिला कळलं होतं ते नमुनेबाईकडून. नमुनेबाई ही विद्यापीठात संशोधन करणारी मुलगी. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, खांद्याला बर्फाची निळी पेटी, बोलणं धबधब्यासारखं. दर दुसऱ्या गुरुवारी ती यायची आणि प्रत्येक बाळाची एक डबी न्यायची. डबीच्या झाकणालाच आतून इवलासा चमचा चिकटलेला असे. डायपरमधून एक चमचा घ्यायचा, झाकण फिरवायचं, झालं. आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांच्या पोटात चांगले जंतू कोणकोणते असतात, औषधांनी त्यांचं काय होतं, हे तिला वर्षभर बघायचं होतं. आठातल्या सात घरांनी संमतीपत्रावर सह्या दिल्या होत्या. एका आईनं दिली नव्हती. ती न्यायालयात लघुलेखक होती, जे वाचलं नाही त्यावर सही न करणारी. तिनं चारही पानं दारात उभ्या उभ्या वाचली आणि कागद परत करून म्हणाली की हे जे काही आहे ते माझ्या मुलीचं आहे, तिला बोलता यायला लागलं की तिलाच विचारा. तिची मुलगी म्हणजे गठुडं. ठेवाल तिथं बसणारं, गोल, गंभीर बाळ; नाव मोठ्या बाईंनी ठेवलेलं आणि तिच्या आईनंही हसून मान्य केलेलं.

नमुनेबाईनं प्रत्येक आईला एक वही दिली होती. त्यात रोजचं दूध, खाणं, ताप, आणि शेवटी 'औषधं' असा रकाना. बाकीच्या आया वही गुरुवारी सकाळी गाडीत बसून एकदम भरत. हे टिल्लीच्या आईला त्यांच्या अक्षरावरून कळे. तिची स्वतःची वही मात्र रोज, तारीखवार. शेवटच्या रकान्यात एकाखाली एक: काही नाही, काही नाही, काही नाही. सातांपैकी टिल्ली एकटीच अशी होती की जिला जन्मापासून एकदाही अँटिबायोटिक मिळालं नव्हतं. नमुनेबाई म्हणायची, ताई, तुमची वही मी फ्रेम करून लावणार आहे, आणि टिल्ली म्हणजे माझी पांढरी पाटी, बाकी सगळ्यांची तुलना हिच्याशी. टिल्लीच्या आईला त्या दिवशी घरी जाताना टिल्ली कडेवर नेहमीपेक्षा हलकी लागायची.

मग तो शुक्रवार आला.

टिल्ली तेव्हा साडेसात महिन्यांची. दुपारपासून किरकिर करत होती आणि संध्याकाळी शेवटचं बाळ घरी गेलं तोवर तिचं अंग तव्यासारखं झालं. थर्मामीटरमध्ये एकशे दोन. बालरोगतज्ज्ञ गावाला गेलेले, सोमवारी येणार, दारावर तशी पाटी. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. कुठल्याशा उंच इमारतीत अडकलेल्या लिफ्टवर होता, फोन लागत नव्हता. मोठं रुग्णालय होतं, नाही असं नाही. पण तिथं नेऊन तापलेल्या बाळाला खोकणाऱ्या शंभर माणसांत बसवायचं, याला तिचं मन धजेना.

त्याच संध्याकाळी फ्रिजच्या दारात एका बाळाची बाटली होती. कानाच्या दुखण्यावरचं गुलाबी औषध, भुकटीत पाणी घालून हलवायचं. पाच दिवसांचा डोस कालच संपला होता आणि अर्ध्याहून थोडी कमी बाटली उरली होती. टिल्लीच्या आईनं ती मोरीवर नेली, झाकण उघडलं. उघडलं ते ओतायलाच. समोर तिचीच पाटी. तिनं झाकण परत लावलं आणि बाटली पिशवीत टाकली.

वजनाचा हिशेब करून तिनं माप काढलं; चुकायचं तेही नीट चुकायचं, असा तिचा स्वभाव. शुक्रवारी एकदा, शनिवारी दोनदा, रविवारी सकाळी एकदा. रविवारी दुपारी ताप उतरला. टिल्ली रांगत जाऊन बापाच्या हत्यारांच्या पेटीवर थापा मारू लागली तेव्हा तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, अगं पोर हसतंय, आणखी काय पाहिजे. म्हणजे तिनं चूक केली असंही नाही आणि केली नाही असंही नाही. उरलेलं औषध तिनं घरच्या मोरीत ओतलं. बाटली दोनदा धुतली, एका कागदात गुंडाळली आणि मग केराच्या डब्यात टाकली. रिकाम्या बाटलीला एवढं कशाला झाकायचं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सोमवारी डॉक्टरांनी टिल्लीला तपासलं. घसा बघितला, कान बघितले. विषाणूचा ताप होता, आपला आपण आला आणि गेला, असं म्हणाले. आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघून पुढे म्हणाले, "काही दिलं नाहीत ना? शाबास. अशा आया राहिल्यात कुठं."

त्या वेळी बोलता आलं असतं. शब्द ओठापर्यंत आलेही होते. पण शाबासकी एकदा हातात पडली की परत करायला फार बळ लागतं, आणि तेवढं तिच्यात नव्हतं. घरी येऊन तिनं वहीत चार दिवसांच्या चार ओळी भरल्या. ताप, ताप, ताप, उतरला. औषधं: काही नाही.

पुढचा गुरुवार नमुन्याचा होता. टिल्लीचं पोट तोवर बिघडलेलं. डायपर उघडलं तर हिरवट पाणी, आणि वास असा की आजवर तिच्या लेकीचा कधी नव्हता. जी बाई डायपरवरून बाळ ओळखायची तिला स्वतःचं बाळ ओळखू येईना. हे डबीत गेलं की नमुनेबाईला झाकण उघडताक्षणी कळणार. सगळं कळणार. कोण म्हणालं, पांढरी पाटी?

बाजूच्या गादीवर गठुडं पडलेलं होतं, आपल्याच पायाचा अंगठा गंभीरपणे बघत. तेही आईच्या दुधावरचं. तेही कधी औषध न घेतलेलं. हे टिल्लीच्या आईला फळ्यावरून पक्कं ठाऊक. त्याचं डायपर नुकतंच बदललं होतं आणि अजून डब्यात गेलं नव्हतं. पिवळं, मऊ, दह्यासारखं. टिल्लीचं दोन आठवड्यांपूर्वी होतं तसंच, डोळ्यांना तरी. तिनं एक चमचा घेतला. झाकण फिरवलं. डबीवर लिहिलं: टिल्ली, आठवा नमुना.

दोन आठवड्यांनी टिल्लीचं पोट ताळ्यावर आलं आणि नववी डबी खरी गेली. दहावी, अकरावी, सगळ्या खऱ्या. एक डबी. वर्षाच्या पावणेदोनशे डब्यांत एक, असं ती मनाला सांगे. मन ऐकून घेई आणि पुन्हा तेच विचारी.

निकाल यायला बरेच आठवडे गेले. टिल्ली अकरा महिन्यांची झाली, धरून उभी राहायला लागली. आणि एका गुरुवारी नमुनेबाई बर्फाची पेटी न उघडताच बाळांच्या मध्ये सतरंजीवर बसली आणि तिनं एक रंगीत कागद पसरला. कागदावर अकरा उभे पट्टे होते, टिल्लीच्या एकेका डबीचा एकेक. तिचे डोळे थकलेले होते, पण चकाकत होते.

तिनं समजावलं ते असं. टिल्लीच्या पोटातला जो मुख्य चांगला जंतू, त्याची जात एकच, पण त्यात चार घराणी. आडनाव एक, घरं चार. नुसतं बघून चौघांत फरक कळायचा नाही, पण आतला मजकूर वाचला की चौघं वेगळी. एकाला दुधातली एक साखर पचते, दुसऱ्याला दुसरी. एक ताप आला तरी टिकतं, एक नाही. जितकी घराणी जास्त तितकं पोट धट्टंकट्टं. आणि मुख्य म्हणजे अशी नेमकी चार घराणी जगात दुसऱ्या कुठल्या बाळात सापडायची नाहीत. "बोटांचे ठसे असतात ना ताई, तसे हे पोटाचे ठसे." मग तिनं बोट फिरवलं. पहिले सात पट्टे चार रंगांचे: निळा, हिरवा, लाल, पिवळा. आठव्या पट्ट्यात चारांपैकी एकही नाही. नुसता राखाडी आणि जांभळा. आणि नवव्यापासून पुढे फक्त निळा.

टिल्लीच्या आईनं आठव्या पट्ट्याकडे बघितलं आणि तिला टेबलावरचं पिवळं, मऊ डायपर दिसलं. सारखं दिसतंय म्हणून घेतलेलं. चोरानं घर बदललं आणि ठसे तिथंच ठेवून आला, तशातली गत.

नमुनेबाई सांगतच होती. तिच्या सरांचं म्हणणं पडलं की आठवी डबी प्रयोगशाळेत बदलली गेली असणार, निष्काळजीपणा आहे, तुझाच. तीन आठवडे ती उणे ऐंशीच्या फ्रीजरसमोर उभी होती. एकेक डबी काढून, पुन्हा वाचून. तिच्याकडच्या एकाही बाळाशी राखाडी-जांभळं जुळलं नाही. म्हणजे प्रयोगशाळेत अदलाबदल नाही. "सर म्हणाले, मग आईनं केली असेल. मी म्हटलं, सर, माझ्या हातून चूक होईल, त्या बाईंच्या हातून नाही. त्यांची वही बघा एकदा."

टिल्लीच्या आईनं टिल्लीच्या तोंडातला ठोकळा काढून घेतला. टिल्लीनं भोकाड पसरलं, बरं झालं.

आता नमुनेबाईचं म्हणणं असं होतं की बाहेरून पाहुणी घराणी आली, त्यांनी औषधाविना, नुसत्या साध्या तापानंतर, टिल्लीची तीन घराणी हुसकावून लावली आणि दोन आठवड्यांत निघूनही गेली. असं कुणी कधी बघितलेलं नव्हतं. प्रबंधाचं दुसरं प्रकरण त्यावरच उभं राहणार होतं. पुढच्या महिन्यात समितीसमोर मांडायचं होतं. फक्त पाहुणे कुठून आले ते दाखवायला हवं. या खोलीत आठ बाळं, सातांच्या डब्या तिच्याकडे. राहिलं कोण? तिनं गठुड्याकडे बघितलं. गठुड्यानंही तिच्याकडे बघितलं. "एकच डबी हवीय ताई. त्याची आई माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल."

टिल्लीची आई म्हणाली, बघते विचारून. हे शब्द तोंडातून कसे गेले ते तिला कळलं नाही. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं.

संध्याकाळी गठुड्याची आई आली तेव्हा टिल्लीच्या आईनं विचारलं, पण असं की तिनं नाहीच म्हणावं. मागेही तुम्ही नको म्हणाला होतात, तुमचंही बरोबरच आहे, पण त्या मुलीचा आग्रह आहे म्हणून आपलं विचारलं, असं काहीबाही. गठुड्याच्या आईनं मुलीचे मोजे चढवता चढवता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं? तुम्ही तुमच्या मुलीचं देता ना?"

"देते," टिल्लीची आई म्हणाली. हे खरं होतं, एक वगळता.

"मग द्या कागद. मी हिला रोज आठ तास तुमच्या हाती सोडून जाते. चमचाभरासाठी तुमच्यावर भरवसा नाही म्हणणं बरं दिसत नाही." आणि हसून पुढे म्हणाली, "दिवसभर लोकांच्या शपथा लिहून घेते ना मी. कोण खरं बोलतंय ते कळायला लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चारही पानं सही करून घेऊन आली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात वेगळी सही, तारखेसकट.

पुढच्या नमुन्याच्या गुरुवारी सकाळी टिल्लीच्या आईनं गठुड्याला टेबलावर घेतलं. एका हातात नवी डबी, कोरी, अजून नाव न घातलेली. डायपर उघडलं. पिवळं, मऊ. हाताला सगळं ओळखीचं. याच टेबलावर, याच हातानं, याच चमच्यासारख्या चमच्यानं तिनं हे एकदा घेतलं होतं. तेव्हा चोरून, आता सही-शिक्क्यानिशी. ही डबी गेली की राखाडी-जांभळं जुळणार. नमुनेबाई नाचणार. सर मान डोलावणार. आणि एका पोराच्या आईनं घाबरून केलेली लबाडी कुठल्याशा पुस्तकात सत्य म्हणून छापून येणार, कुणीतरी डॉक्टर ते वाचणार, आणि एखाद्या आईला सांगणार की औषधाविनाही असं होतं हो, औषधाला कशाला घाबरता. गठुड्यानं तिची करंगळी पकडली होती. पकड चांगलीच घट्ट.

तिनं गठुड्याला पुसलं, नवं डायपर लावलं, पाय दाबून दिले. डबी कोरीच ठेवली.

नमुनेबाई अकराला आली. बाळं झोपलेली, मोठ्या बाई पुढच्या खोलीत फोनवर. टिल्लीच्या आईनं तिला मोरीपाशी नेलं, पाटीखाली, आणि सांगितलं. मधे थांबली नाही; थांबली असती तर उरलेलं आतच राहिलं असतं. बाटली, चार डोस, डॉक्टरांची शाबासकी, हिरवं पाणी, गठुडं. शेवटी म्हणाली, "अदलाबदल मीच केली. तुमचे सर बरोबर होते."

नमुनेबाई आधी हसली, विनोद कळला नाही की माणूस हसतं तशी. मग तिनं खांद्यावरची पेटी उतरवून खाली ठेवली आणि त्या पेटीवरच बसली. अंबाड्यातली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली.

"मी तीन आठवडे," ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "सरांना मी काय काय बोलले तुमच्या बाजूनं."

टिल्लीच्या आईनं मान खाली घातली. माफ करा म्हणायचं होतं, पण ते इतकं स्वस्त वाटलं की तिनं ते गिळलं.

नमुनेबाईनं वही मागितली. औषधाचं नाव, किती मिली, किती वाजता, सगळं एकेक करून विचारलं, कोरड्या आवाजात, आणि टिल्लीच्या आईला प्रत्येक आकडा पाठ होता. 'काही नाही'वर काट न मारता तिनं शेजारी लाल अक्षरात खरं लिहायला लावलं आणि खाली सही घेतली. मग तो रंगीत कागद पुन्हा काढला, आठवा पट्टा हातानं झाकला आणि उरलेले बघत बसली. हळूहळू तिचा आवाज पहिल्यासारखा नाही, पण थोडा माणसात आला.

"आता कळलं हे," ती म्हणाली. पाहुणे वगैरे कुणी आलेच नव्हते. औषधानं तीन घराणी मारली. निळं राहिलं, कारण निळ्याच्या आतल्या मजकुरात त्या औषधाविरुद्धची ढाल होती. तिनं ती पाहिलीही होती आणि गोंधळली होती, की औषध न घेतलेल्या बाळात एकटं ढालवालंच घराणं कसं उरलं. निळं वाईट नाही, ते चांगलंच आहे, टिल्लीचं दूध पचवतंय. पण कधी कधी अशी ढाल एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते, आणि घेणारा चांगलाच असेल असं नाही.

टिल्लीच्या आईनं विचारलं, बाकीची तीन परत येतील का.

येतील कदाचित, नमुनेबाई म्हणाली. अशी घराणी पुष्कळदा आईकडूनच आलेली असतात, म्हणजे तुमच्याकडे असतील तर पुन्हा वाट सापडेल. नाहीही येणार. अकराव्या डबीपर्यंत तरी आलेली नाहीत. "माझ्याकडे आहेत. पहिल्या डब्यांमधून वाढवलेली. तिन्ही, फ्रीजरमध्ये."

"मग ती तिला..."

"नाही ताई. ते औषध नाही, नमुना आहे. तसं देता येत नाही."

एवढ्यात आतून टिल्ली उठल्याचा आवाज आला. ती उठली की आधी गजावर थापा मारायची, मग हाका. टिल्लीच्या आईनं जायला पाऊल उचललं, पण नमुनेबाईनं हात पुढे केला. आठवी डबी मी नष्ट करणार, ती म्हणाली. ते बाळ माझ्या अभ्यासात नव्हतं, त्याचं एक अक्षरसुद्धा मला वाचायचा हक्क नव्हता, आणि मी ते तीन आठवडे वाचत बसले. सरांना मी आजच सांगते. पण त्या आईला तुम्हीच सांगायचं. "मी सांगितलं तर ती माझी तक्रार होईल. तुम्ही सांगितलंत तर..." तिनं पेटी उचलली आणि सहा डब्या घेऊन गेली. टिल्लीची डबी न्यायची की नाही हे विचारायचं राहिलंच. टिल्लीच्या आईनं ती भरून, नाव घालून, फ्रिजच्या दारात ठेवली. गुलाबी बाटली होती त्याच जागी.

मोठ्या बाईंना तिनं दुपारी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाल्या की राहायचं की जायचं ते गठुड्याच्या आईनं काय म्हटलं त्यावर ठरेल, माझ्यावर नाही. आणि ती पाटी तेवढी काढू नकोस, असंही म्हणाल्या. वाचता येणारी माणसंच चुकतात.

संध्याकाळ झाली. एकेक आई आली, एकेक बाळ गेलं. फळ्यावरच्या नोंदी पुसल्या गेल्या. शेवटी गठुडं आणि टिल्ली दोघीच राहिल्या. टिल्ली गठुड्याच्या कानाला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती, आणि गठुडं सहन करत होतं. टिल्लीच्या आईनं चार पानांचं संमतीपत्र घडी न घालता हातात धरलं होतं. हाताच्या घामानं त्याचा एक कोपरा ओला झाला होता, नेमका सहीचा.

दार वाजलं. गठुड्याची आई आत आली, पायातले बूट काढता काढताच तिनं विचारलं, "घेतलीत डबी? रडली नाही ना?"

"घेतली नाही," टिल्लीची आई म्हणाली. तिनं कागद पुढे केला. "तुम्ही बसता का जरा? आणि मी बोलेन ते सगळं होईपर्यंत मला थांबवू नका. म्हणजे थांबवा, पण सगळं ऐकल्यावर."

गठुड्याच्या आईनं कागदाकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. एक बूट पायात तसाच होता. ती बाळांच्या छोट्या लाकडी खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून बसली, आणि दिवसभर न्यायालयात बसते तशी, हात मांडीवर ठेवून, ऐकायला लागली.